साका, सुरी आणि मी लिहिलेली कार्डं

एचआरमध्ये तुम्ही नेमकं काय करत होतात, असं निवृत्तीनंतर मला जितक्या जणांनी विचारलं, तितक्या जणांनी नोकरीत असताना विचारलं नव्हतं. तेव्हा सगळ्यांना ते माहीतच होतं: रजा नाकारणारी बाई. माझ्या नवऱ्याचं मतही फारसं वेगळं नव्हतं. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आंब्याचा पल्प काढणाऱ्या एका कारखान्यात मी टाइमकीपर म्हणून लागले आणि एचआर मॅनेजर म्हणून बाहेर पडले. मधल्या काळात माझ्या दारावरची पाटी चार वेळा बदलली. खुर्ची मात्र एकदाही बदलली नाही, आणि तिचा एक पाय शेवटपर्यंत लंगडा होता.

ती सगळी हकिकत मी इथे सांगत बसणार नाही. एकाच हंगामाचं सांगते. त्या हंगामात मी एक मोठी चूक केली, आणि साधीसुधी नाही. टाइप करून, लॅमिनेट करून, कारखान्यातल्या प्रत्येकाच्या लॉकरवर चिकटवून केली.

आधी आमचं काम समजून घ्या. पल्प म्हणजे आंब्याचा रस, डब्यात बंद केलेला. बागेतून आलेला हापूस क्रेटमध्ये पिकवायचा, धुवायचा आणि कटिंग टेबलावर आणायचा. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या असतात, हातात छोट्या सुऱ्या. त्या आंबा चिरतात, आत बघतात आणि चांगला असेल तर पुढे मशीनमध्ये सोडतात. एवढं सगळं हातानं का, मशीन का नाही, असं बाहेरचे लोक विचारतात. कारण साका. हापूस बाहेरून सोन्यासारखा दिसतो आणि चिरला की आत पांढरट, भुसभुशीत, आंबट गर निघतो, त्याला आमच्याकडे साका म्हणतात. बाहेरून तो कुणालाही कळत नाही. कळतो तो फक्त चिरणारीला, तेही एका क्षणात, कारण पुढचा आंबा हातात आलेलाच असतो.

त्या टेबलाची मुकादम होती सुनंदा कांबळे. हातखंब्याच्या आतल्या बाजूच्या एका वाडीतली. नवरा मुंबईत एका सोसायटीत वॉचमन, दोन मुली गावच्या शाळेत. अकरा हंगाम ती आमच्याकडे येत होती, पण हंगामीच. आंबा संपला की तिचं काम संपायचं. पावसाळ्यात भाताची लावणी, आणि दिवाळीनंतर खाणीवर जांभ्या दगडाचे चिरे उचलायला. एका चिऱ्याचं वजन काय असतं हे ज्यानं उचललाय त्यालाच माहीत. तिची कंबर गेली होती. सकाळी हजेरीला उभी राहताना ती एक हात भिंतीला लावायची, आणि मी बघतेय असं दिसलं की काढून घ्यायची.

त्या वर्षी मी तिचं नाव कायम करण्याच्या यादीत घातलं होतं. आंबा संपल्यावर आमच्याकडे फणस, कोकम, लोणची असं वर्षभर काहीतरी चालतं. कायम झाली की तिला खाणीवर जावं लागणार नव्हतं. मी तिला तसं सांगूनही टाकलं. अशा गोष्टी आधी सांगू नयेत हे मी इतरांना शिकवायचे.

त्याच वर्षी मालकांचे पुतणे निनादसाहेब पुण्याहून शिकून आले आणि कारखाना त्यांच्या हातात आला. तिशीतला मुलगा, हुशार, घाईचा. पहिल्याच बैठकीत म्हणाले, "सुर्वे मॅडम, आपल्या इथे माणसं काम करतात, पण कशासाठी करतात हे त्यांना माहीत नाही. प्रत्येकाचं रोजचं काम कंपनीच्या ध्येयाशी जोडलेलं पाहिजे."

खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडलं. इतकी वर्षं मी रजा आणि ओव्हरटाइम यांतच घालवली होती. शेवटी शेवटी का होईना, काहीतरी डोक्याचं काम मिळालं असं वाटलं. साहेबांनी तीन ध्येयं दिली: नासाडी कमी, माल वेळेवर रवाना, ग्राहकाची तक्रार नाही. मी दोन दिवस केबिनमध्ये एसी लावून बसले आणि सगळ्यांची कार्डं तयार केली. वर 'माझं काम', खाली 'कंपनीचं ध्येय', मध्ये बाण. वॉचमनचं गेट वेळेवर उघडणं मी थेट रवानगीला नेऊन जोडलं. कॅन्टीनच्या आचाऱ्याच्या कार्डावर लिहिलं, 'चहा गरम ठेवणे', आणि बाण काढून 'कामगारांचा उत्साह'. तो कार्ड घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "म्याडम, म्हणजे आजपतुर मी थंड च्या देत होतो काय?" पुढचे आठ दिवस त्यानं माझा चहा असा काही गरम दिला की माझी जीभ पोळली.

कटिंग टेबलाच्या कार्डावर मी लिहिलं होतं: 'माझं काम – फेकला जाणारा आंबा कमी करणे.' बाण. 'कंपनीचं ध्येय – नासाडी कमी.'

कार्डं वाटली त्या दिवशी सुनंदा माझ्या दारात येऊन उभी राहिली. चप्पल बाहेर काढली होती, मी कितीदा सांगूनही ती काढायचीच.

"म्याडम, कमी म्हंजे किती कमी?"

मी संगणकावरून मान वर केली नाही. म्हटलं, "जितकं करता येईल तितकं, सुनंदा."

"बरा," म्हणाली आणि गेली. हे बोलणं आमच्या दोघींतच झालं. तिसरं कुणी ते ऐकलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यापासून टेबलाखालचे फेकण्याचे टप हलके व्हायला लागले. आधी दुपारपर्यंत भरायचे, आता संध्याकाळपर्यंत अर्धेच. निनादसाहेबांनी बैठकीत टाळ्या वाजवल्या. बायकांच्या टेबलाला बक्षीस म्हणून जेवणाचे डबे दिले. फोटो निघाला, त्यात मी मधोमध उभी आहे, हसतेय.

मग नाशिकच्या एका आईस्क्रीमवाल्यानं ट्रक परत पाठवला.

तो आमचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक होता. पल्प फिका आहे, आंबट आहे, हापूसचा वासच नाही, असं त्याचं म्हणणं. लॅबमधल्या तन्वीनं त्याच मालातला एक डबा फोडला आणि चमचा माझ्यापुढे धरला. मी रत्नागिरीची. आंब्याच्या बाबतीत मला कुणी फसवू शकत नाही. तोंडात घातल्या घातल्या कळलं. साका.

तन्वी रडवेली झाली. म्हणाली, "मॅडम, गोडी-आंबटपणाचे आकडे मर्यादेत होते. अगदी काठावर होते, पण आत होते." तिच्या कार्डावर मी 'रिपोर्ट वेळेत देणे' असं लिहिलं होतं. तिनं वेळेत दिला होता.

निनादसाहेबांनी मला बोलावलं तेव्हा ते उभेच होते. गिऱ्हाइकानं आणखी एकच संधी दिली होती, पुढच्या शुक्रवारी सकाळी नवा माल नाशिकला पोचवायचा. तोही परत आला तर करार संपला. साका डब्यात गेला म्हणजे टेबलावरून गेला, आणि टेबल सुनंदाचं. "तिला कारणे दाखवा नोटीस काढा," ते म्हणाले. "आणि यादीतून नाव काढा. अकरा हंगाम काम केलेल्या बाईला साका ओळखता येत नाही, यावर माझा विश्वास नाही. मुद्दाम केलंय, बक्षिसासाठी."

मी नोटीस टाइप करायला बसले. अर्ध्यावर आले आणि हात थांबला. सुनंदाला साका ओळखता येत नाही हे मलाही पटत नव्हतं. मग मी जे करायला हवं होतं ते केलं, हंगामात पहिल्यांदाच. डोक्याला टोपी घातली, पायात गमबूट घातले आणि टेबलाशी जाऊन उभी राहिले.

सुनंदाच्या हातांकडे बघत राहिले. आंबा चिरला. आत साका. तिनं तो आंबा फेकला नाही. सुरीचं टोक फिरवलं, पांढरट भाग अलगद कोरून टपात टाकला आणि उरलेला पिवळा गर पुढे सोडला. इतकं सुबक काम की मला क्षणभर कौतुकच वाटलं. पलीकडची करत होती तेही तसंच. सगळं टेबल तसंच करत होतं.

"हे असं कधीपासून करता?" मी विचारलं.

"कार्ड लावलात त्या दिवसापास्न," सुनंदा म्हणाली. "आदी साक्याचा आख्खा आंबा टाकायचो. तुमी सांगितलात कमी टाका. मग घरात साठं घालताना करतो तसा केला. साका काढायचा, चांगला भाग ठेवायचा. हातानं चांगला गर टाकवत नाय वो म्याडम."

साठं म्हणजे आंबापोळी. माझी आईही ती घालताना अगदी हेच करायची. आंब्याच्या पट्ट्यात वाढलेली कुठलीही बाई अख्खा हापूस फेकून देणार नाही, तिचा हात धजणारच नाही. आमचा कारखाना अकरा वर्षं त्या हातांना त्यांच्या सवयीविरुद्ध वागायला लावत होता, आणि ते निमूटपणे वागत होते. मी एका कार्डानं त्यांना पुन्हा घरच्या सवयीवर नेऊन सोडलं होतं. साक्याच्या शेजारचा गर दिसायला पिवळा असतो, पण चवीला तोही उतरलेला. घरी साखर पडते आणि निभावून जातं. डब्यात निभत नाही.

मी वर गेले आणि अर्धवट नोटीस फाडली. दुसऱ्या कागदावर लिहिलं की कटिंग टेबलाला चुकीची सूचना मी दिली, सुनंदानं विचारलं होतं तरी मी नीट सांगितलं नाही, आणि खाली सही केली.

निनादसाहेबांनी तो कागद वाचला. "म्हणजे मी तुमच्यावर कारवाई करू?"

"करा."

"मॅडम, तुमची निवृत्ती वर्षावर आली आहे."

"म्हणूनच म्हणते, लवकर करा."

ते काही वाईट माणूस नव्हते. चुलत्यांनी विश्वासानं दिलेला कारखाना पहिल्याच हंगामात बुडतोय, या भीतीनं त्यांची झोप उडाली होती. म्हणाले, "शुक्रवारचा माल जाऊ दे. तो पास झाला तर त्या बाईचं बघू. नाही झाला तर तुम्हीही काही बोलू नका." माझ्या हातात चार दिवस होते. यादीतलं नाव अडकलंय हे मी सुनंदाला सांगून टाकलं.

मी टेबलावरच्या सगळ्या बायकांना चार-चार करून लॅबमध्ये नेलं. त्यातल्या कुणीही इतक्या वर्षांत लॅबचं दार ओलांडलं नव्हतं. तन्वीनं दोन वाट्या ठेवल्या, एक चांगल्या मालाची, एक परत आलेल्याची. कुठली कसली ते सांगितलं नाही. सुनंदानं दोन्ही चाखल्या. दुसरी तिनं वाटी उचलून पुन्हा एकदा चाखली.

"ह्या मी केलाय?"

"आपण केलंय," मी म्हटलं.

"ह्या कोन खातला?"

ह्याचं आईस्क्रीम बनतं, मी सांगितलं. पोरं खातात. तिनं वाटी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "हे तुमी आदीच दाखवायला पायजे होतात म्याडम. कार्ड कशाला लावत बसलात?"

 माझ्या सगळ्या नोकरीत इतकं खरं आणि इतकं थोडक्यात मला कुणी झापलं नव्हतं. मी त्यांचं कार्ड लॉकरवरून काढलं आणि सुनंदालाच विचारलं, आता काय लिहू? तिनं सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिलं: 'मी माझ्या पोरीला देणार नाय तो गर डब्यात जाणार नाय.' या वेळी बाण आखला नाही.

गुरुवारी शुक्रवारच्या मालाचं कटिंग सुरू झालं. आंबा आला तो खुद्द मालकांच्या बागेतला. आणि त्या वर्षी ऊन असं काही तापलं होतं की त्या बागेत साक्यानं धुमाकूळ घातला होता. चिरावा तो आंबा टपात. दुपारी बारालाच टप भरून वाहायला लागले. भरलेला क्रेट येत होता आणि मशीनकडे मूठभर गर जात होता.

निनादसाहेब धावत खाली आले. "हे काय चाललंय? एवढा आंबा फेकताय? ट्रक संध्याकाळी निघायचा आहे, माल अर्धासुद्धा होणार नाही!"

सुनंदानं हातातला आंबा उघडून दाखवला. "साका हाय, सायेब."

त्यांनी तो आंबा बघितला. मग भरलेले टप बघितले. मग हळू आवाजात म्हणाले, "जिथे फारच आहे तिथला टाका. आजूबाजूचं थोडं घ्या. थोडं चालतं."

सुनंदानं सुरी टेबलावर ठेवली. फेकली नाही, आपटली नाही. धार आपल्याकडे करून नीट ठेवली. शेजारणीनं तिच्याकडे बघितलं आणि आपलीही ठेवली. मग तिसरीनं, मग सगळ्यांनी. मशीनकडे गर नेणारा पट्टा रिकामाच फिरत राहिला.

"काम का थांबवलं?" साहेबांचा आवाज चढला.

"सायेब, घ्या म्हनता तर घेव. पन तुमी तसा लिवून द्या. मागच्या खेपंला तोंडी ऐकलाव, आनि नाव माजा गेला."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. लिहिण्याचं काम माझंच होतं, आणि इतकी वर्षं मला जे सांगितलं ते मी लिहीत आले होते.  म्हटलं, "मी लिहिणार नाही, साहेब. तुम्हाला लिहायचं असेल तर पेन देते."

साहेब पेन न घेताच वळले. पाय आपटत वर निघून गेले. सुनंदानं सुरी उचलली आणि पुढचा आंबा चिरला.

ट्रक संध्याकाळी गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गेला, आणि तोही निम्म्याहून थोडा जास्त भरलेला. नाशिकहून फोन आला तेव्हा मी साहेबांच्याच केबिनमध्ये होते. माल कमी का, म्हणून गिऱ्हाईक आधी बरंच बोलला. मग म्हणाला, पण आहे तो झकास आहे, बाकीचा पाठवा. साहेबांनी फोन ठेवला आणि खुर्चीत मागे रेलले. पुष्कळ दिवसांनी मी त्यांना धड श्वास घेताना बघितलं.

मला वाटलं, झालं, सुटलो. पण माणसाचा ताठा सहजी सुटत नाही. आंबा संपला, पाऊस लागला, कायम करण्याच्या कागदांवर सह्या व्हायची वेळ आली, तेव्हा ते म्हणाले, "सुनंदा कांबळेंना करू कायम. पण सगळ्यांसमोर त्यांनी काम थांबवलं. त्याचं माफीपत्र पाहिजे."

मी खूप वाद घातला. ते हलले नाहीत. शेवटी साहेबांना माफीपत्र हवंय असा निरोप मी सुनंदाला धाडला, दुसऱ्या दिवशी मजकूर तयार ठेवून तिला बोलावलं, आणि त्या दिवशी मला माझ्या नोकरीची लाज वाटली. ती पावसातून चालत आली होती, गुडघ्यापर्यंत लावणीचा चिखल. मी तिला सगळं सरळ सांगितलं. सही केलीस तर कायम. नाही केलीस तर दिवाळीनंतर पुन्हा चिरेखाण. मी पुढच्या वर्षी नसेन, तुझ्यासाठी भांडायला दुसरं कोण असेल ते सांगता येत नाही.

तिनं कागद वाचला, एकेका अक्षरावर बोट ठेवून. मग कागद माझ्याकडे सरकवला.

"म्याडम, ह्यात चूक उलटी लिवलीय. आंबट गर घातला ती माजी चूक. ती लिवा, मी आत्ता सही करतंय. सुरी ठेवली ती चूक नाय."

"सुनंदा, तुझी कंबर बघ. खाणीचा विचार कर."

"केला," ती म्हणाली. "रातभर तोच केला."

मी दुसरा कागद घेतला. आंबट गर पुढे सोडल्याची चूक लिहिली. तिनं सही केली. ती सूचना माझी होती असं खाली लिहून मीही सही केली. तो कागद आणि तिला कायम करण्याचं कोरं पत्र घेऊन मी साहेबांसमोर गेले.

त्यांनी वाचलं. "हे नाही मागितलं मी. काम थांबवलं त्याचं काय?"

"ते मी तिच्या कायमच्या पत्रात घालते. कामाचं स्वरूप म्हणून." मी मनात जुळवत आले होते ते वाक्य त्यांना म्हणून दाखवलं: माल खराब वाटल्यास टेबल थांबवण्याचा अधिकार मुकादमाला राहील. "तुम्हीच म्हणाला होतात ना, रोजचं काम कंपनीच्या ध्येयाशी जोडा. साहेब, ते त्या दिवशी फक्त तिनं जोडलं. मी जोडलं नाही आणि तुम्हीही नाही. तिला माफी मागायला लावलीत, तर उद्यापासून या कारखान्यात कुणीही सुरी खाली ठेवणार नाही, आणि नाशिकचा ट्रक परत येईल."

त्यांनी ते वाक्य मला पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग त्यांनी चुकीच्या कबुलीचा कागद पुढे ओढला आणि आमच्या दोघींच्या सह्यांखाली स्वतःची सही केली. "थोडं चालतं, असं मीही म्हणालो होतो," ते म्हणाले. "घाला ते वाक्य."

सुनंदा माझ्या केबिनच्या दाराशीच उभी होती. मी पत्र टाइप केलं, शिक्का मारला आणि तिच्या हातात दिलं. तिनं पगाराचा आकडा वाचला नाही. बोट थेट त्या वाक्यावर नेलं, दोनदा वाचलं, आणि विचारलं,

"ह्या कवापास्न लागू?"

"आजपासून. या घडीपासून."

मला वाटलं ती आता रडेल. माझे डोळे आधीच भरले होते. तिनं पत्राची घडी घातली, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली, ती पिशवी ब्लाऊजमध्ये खोचली आणि म्हणाली, "मग म्याडम, चला खाली. तळलेल्या गऱ्यांच्या टेबलावर घट्ट काप्यात बरका फनस मिसळलाय, त्याचा लिबलिबीत गरा तळता येत नाय. येताना बगितला, सांगितला, पन माजा कोन ऐकना. तो टेबल थांबवायचा हाय."

आणि माझी वाट न बघता ती चिखलाच्या पायांनी जिना उतरायला लागली.